बर्फातून परत फिरलेल्यांच्या बाजूने

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या हॉलमध्ये झालेले भाषण. मजकूर वक्त्यांनी स्वतः लिहून दिला आहे.)



कमिटीने मला विषय विचारला तेव्हा बहुतेकांना वाटलं होतं की मी मुदत ठेवी, नॉमिनेशन नाहीतर मृत्युपत्र यावर बोलणार. अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा कोण करणार? मी "हिमस्खलन" असं सांगितलं तेव्हा सेक्रेटरींनी दोनदा विचारलं, "काका, नक्की? आपल्याकडे साधा पाऊस पडला तरी पार्किंगमध्ये पाणी साचतं. बर्फाचं काय घेऊन बसलात?"

प्रश्न बरोबर आहे. पण जरा आठवून बघा. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा सहल म्हणजे महाबळेश्वर, नाहीतर अष्टविनायक. आज आपल्या तिन्ही विंगमधली मुलं दर वर्षी हिमालयात ट्रेकला जातात. कुणी डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडात, कुणी मे महिन्यात हिमाचलमधल्या एखाद्या खिंडीत. ही फार चांगली गोष्ट आहे. म्हणूनच हा विषय आता आपल्या घरातला झाला आहे.

दुसरं कारण जरा अवघड आहे, पण सांगतो. गेल्या जानेवारीत सी विंगमधली पाच मुलं अशाच एका ट्रेकला गेली होती. शेवटच्या कॅम्पवर दोन दिवस बर्फ पडत होता. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, आणि नेमका त्या दिवशी गाईड म्हणाला, वर जायचं नाही. मुलं परत आली. मग आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय आलं ते तुम्हाला आठवत असेल. "शिखराचा फोटो कुठाय?" "पैसे फुकट गेले म्हणायचे." "ऊन पडल्यावर परत आले, कमाल आहे!" त्या शेवटच्या वाक्यावर मीसुद्धा हसरा चेहरा टाकला होता.

दोन दिवसांनी त्यातलीच एक मुलगी लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "काका, तुम्ही तर हिमाचलमध्ये नोकरी केलीय ना? तुम्हाला पण हसू आलं?" चौथा मजला येईपर्यंत मला उत्तर देता आलं नाही. आजचं भाषण हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

१९८४ ते १९८७ अशी तीन वर्षं माझी बदली कुलू खोऱ्यातल्या एका शाखेत होती. शाखेत एक शिपाई होते, मूळचे रोहतांगच्या पलीकडच्या लाहौलचे. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना चाचाजी म्हणायचो. त्या काळी अटल बोगदा नव्हता, तो २०२० साली सुरू झाला. हिवाळ्यात रोहतांग बंद झाला की लाहौल महिनोन् महिने तुटलेलं असायचं.

१९८६ च्या फेब्रुवारीत मला एका वरच्या गावात तपासणीला जायचं होतं. आयआरडीपीखाली हातमागांसाठी कर्ज दिलेलं, माग खरोखर घेतले का ते बघायचं होतं. मार्च-एंड जवळ आलेला, वरच्या ऑफिसची पत्रं सुरू झालेली. तीन दिवस बर्फ पडून गेला होता आणि त्या सकाळी आकाश असं निळंशार की डोळे दिपावेत. चाचाजी माझ्यासोबत होते. गावाच्या अलीकडे एक नाला ओलांडावा लागायचा. नाला तो काय, पन्नास-साठ पावलांचा. चाचाजी काठावर थांबले, वर बघितलं आणि म्हणाले, "साहब, आज नहीं."

मी म्हणालो, "का? आठ दिवसांपूर्वी आपण इथूनच गेलो होतो."

"तब गए थे, साहब. आज का आज देखना पड़ता है." मग त्यांनी वरच्या धारेकडे बोट दाखवलं. वाऱ्याने पलीकडचा बर्फ उडून अलीकडच्या उतारावर येऊन पडत होता. "तीन दिन गिरी है, हवा ने और लाकर रख दी, अब धूप लगी है."

मी बराच वेळ हुज्जत घातली. ते हलले नाहीत. शेवटी मी चिडून परत फिरलो. पुढे काय झालं ते नंतर सांगतो. आधी चाचाजींनी एका वाक्यात काय सांगितलं होतं, ते समजून घेऊ. मला स्वतःला ते समजायला पुढची कित्येक वर्षं आणि बरंच वाचन लागलं.

आपण मराठीत सगळ्यालाच बर्फ म्हणतो. गोळेवाल्याचाही बर्फ आणि हिमालयातलाही बर्फच. त्यामुळे डोंगरावरचा बर्फ म्हणजे एकसंध लादी, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. तसं नसतं. प्रत्येक बर्फवृष्टीचा एक थर बसतो. नोव्हेंबरचा खाली, त्यावर डिसेंबरचा, त्यावर जानेवारीचा. हे थर एकमेकांना किती घट्ट चिकटलेत, यावर सगळं अवलंबून.

आता आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग आठवा. (मला माहीत आहे, हा विषय काढला की एजीएम सुरू होते. थोडं थांबा.) त्या कंत्राटदाराने जुना कोबा खरवडला नाही, धूळ साफ केली नाही, त्यावरच नवा थर ओतला. वरून काय सुरेख दिसत होतं! दोन पावसाळ्यांत सगळा नवा थर सुटा झाला. पायाने ठोकलं की पोकळ आवाज यायचा. दोष नव्या थरात नव्हता, दोन थरांच्या मधल्या भुसभुशीत धुळीत होता. डोंगरावर नेमकं हेच होतं.

ही धूळ बर्फात येते कुठून? एक प्रकार असा. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडतो, मग पंधरा-वीस दिवस कोरडी, कडाक्याची थंडी. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, वरची हवा उणे पंधरा-वीस. खालची वाफ त्या पातळ थरातून वर सरकत राहते आणि बर्फाच्या कणांचं रूपच बदलून टाकते. मऊ बर्फाचे जाडसर, टोकदार, सुटे दाणे होतात. मुठीत दाबले तर गोळा होत नाही, साखरेसारखे बोटांतून निसटतात. त्यावर पुढे तीन फूट बर्फ पडला की साखरेच्या थरावर काँक्रीटची लादी ठेवल्यासारखं होतं. दुसरा प्रकार निरभ्र रात्री बर्फाच्या पृष्ठभागावर उगवणाऱ्या दवाच्या पिसांचा. दिसायला अतिशय सुंदर, पण नव्या बर्फाखाली गाडली गेली की तीच सर्वांत धोकादायक. हे नाजूक थर काही वेळा कित्येक आठवडे तसेच राहतात.

आता त्या लादीवर ताण वाढवणाऱ्या तीन गोष्टी बघा. नवा बर्फ, वारा आणि ऊन. मोठी बर्फवृष्टी झाली की पुढचे एक-दोन दिवस विशेष वाईट. वाऱ्याचं तर विचारूच नका. आकाश निरभ्र असतानाही तो धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला थापत असतो. आणि ऊन लागलं की बर्फ ओला होऊन सैल पडतो. चाचाजींचं वाक्य आठवा. तीन दिवसांचा बर्फ, वारा, ऊन. तिन्ही गोष्टी त्यांनी मोजून दाखवल्या होत्या. "ऊन पडल्यावर परत आले, कमाल आहे," असं आपण म्हणालो ना, त्याचं उत्तर हे आहे. बर्फवृष्टीनंतरचा पहिला सुंदर दिवस हाच अनेकदा सर्वांत फसवा असतो.

राहिला उतार. तीस अंशांपेक्षा कमी उतारावर अशी लादी सहसा सुटत नाही. पन्नासच्या वर बर्फ फार साठतच नाही, घसरत राहतो. तीस ते पंचेचाळीस हा घातक पट्टा. आपल्या इमारतीचा जिना साधारण तीस अंशांचा आहे. म्हणजे आपल्या जिन्याहून थोडा जास्त उभा आणि बर्फाने भरलेला उतार दिसला की सावध व्हायचं. हल्ली तर मोबाईलवरसुद्धा उतार मोजता येतो. पण एक लक्षात ठेवा, आपण सपाटीवर उभे असलो तरी डोक्यावरचा उतार कोणता, हेही बघायचं. त्या नाल्यात माझ्या पायाखाली उतार जवळजवळ नव्हताच. जे होतं ते वर होतं.

डोंगर कधीकधी स्वतः सांगतो. जवळच्या उतारावर ताजं कोसळलेलं दिसतं. पाय टाकला की खालून "धप्प" असा दबका आवाज येतो आणि बर्फ किंचित खचतो. पायापासून पुढे तडा पळत जातो. यातलं काहीही दिसलं-ऐकलं की चर्चा संपली, मागे फिरायचं. आणि हेही ऐका. युरोप-अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की हौसेने डोंगरात गेलेल्यांच्या जीवघेण्या अपघातांपैकी दहातल्या सुमारे नऊंत ती लादी त्या माणसांच्या किंवा त्यांच्याच सोबत्यांच्या वजनाने सुटलेली असते. म्हणजे हे सगळं आभाळातून पडणारं संकट नाही. बऱ्याच वेळा आपणच ते पायाने उघडतो. वाईट वाटणारी बातमी आहे, पण चांगलीही आहे. कारण आपण पाय न टाकला तर?

कुणी म्हणेल, अनुभवी माणूस सोबत असला की झालं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंगची प्रशिक्षणार्थींची तुकडी 'द्रौपदी का डांडा' या शिखराच्या वाटेवर हिमस्खलनात सापडली. सत्तावीस मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ता लागला नाही. गेलेल्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट सर केलं होतं. अनुभव हवाच, पण थरांना आपला बायोडेटा माहीत नसतो.

आपल्या राज्याशीही या बर्फाचं नातं आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनला सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवरची सैन्याची चौकी गाडली गेली. दहा जवानांत आपल्या सातारा जिल्ह्यातले सुनील सूर्यवंशी होते. लान्स नायक हनुमंतप्पा सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि सगळा देश हलला, पण तेही वाचू शकले नाहीत. सहा दिवस हा चमत्कार होता. नेहमीचा हिशेब फार कठोर आहे. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण जगतात. अर्धा तास उलटला की तिघांतला जेमतेम एक. बर्फ थांबल्या क्षणी सिमेंटसारखा आवळतो, बोटही हलत नाही, आणि आपल्याच श्वासाने गुदमरायला होतं. हेलिकॉप्टर पंधरा मिनिटांत येत नाही. वाचवायचं ते सोबत असलेल्यांनीच. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर सिग्नल देणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची लांब काठी आणि फावडं, या तीन वस्तू लागतात. तिन्ही प्रत्येकाकडे, आणि वापरायची सवय असलेल्या हातात.

आता त्या नाल्याकडे परत येतो. तुम्हाला वाटत असेल, त्याच दुपारी नाला कोसळला असेल आणि मी चाचाजींचे पाय धरले असतील. तसं काही झालं नाही. त्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी रोज चहाच्या वेळी सगळ्यांसमोर विचारायचो, "क्यों चाचाजी, नाला आया?" ते गप्प. पाचव्या रात्री नाला आला. तिथले लोक "ग्लेशियर आया" असं म्हणतात. लाकडी साकव गेला, माणूस कुणी गेला नाही. सकाळी चाचाजी शाखेत आले, नेहमीसारखा चहा ठेवला. "सांगितलं नव्हतं?" असा एक शब्द त्यांनी काढला नाही.

त्या दिवशी कॅशियरने मला बाजूला घेऊन सांगितलं की मार्च १९७९ मध्ये लाहौलमध्ये जी हिमस्खलनं झाली, त्यांत दोनशेहून अधिक माणसं गेली, आणि त्यांत चाचाजींचे थोरले भाऊ आणि वहिनी होत्या. घर तीन पिढ्या त्याच जागी उभं होतं. तीन पिढ्या काही झालं नव्हतं. आणि मी त्या माणसाला आठ दिवसांचा दाखला देत होतो.

मित्रांनो, मला यातून एक गोष्ट कळली, ती मी पुढे बँकेतही वापरली. कागदपत्रं न बघता दिलेलं कर्ज वसूल झालं, म्हणून ते देणं बरोबर ठरत नाही. ते आपलं नशीब. तसंच, परत फिरलो आणि मागे काही कोसळलं नाही, म्हणून परत फिरणं चूक ठरत नाही. नाला पाचव्या रात्री आलाच नसता, तरी चाचाजी बरोबरच होते. आणि आठ दिवसांपूर्वी मी सुखरूप गेलो तेव्हा मी शहाणा होतो असं नाही. डोंगरात हीच मोठी फसगत आहे. चुकीचं वागूनही माणूस दहादा सुखरूप परत येतो आणि त्यालाच अनुभव समजतो.

आता कामाचं. आपलं मूल बर्फात जाणार असेल तर पैसे भरण्याआधी घरच्यांनी पाच प्रश्न विचारावेत. घाबरवायला नाही, माहिती घ्यायला.

एक, वाटेत तीस अंशांवरचे उतार किंवा त्यांच्या खालून जाणारे नाले आहेत का, आणि ते कोणत्या वेळी ओलांडणार? मे महिन्यातल्या खिंडीसाठी मुलांना रात्री दोन-तीनला उठवतात ते छळायला नाही. पहाटे बर्फ गोठलेला, घट्ट असतो. दुपारी तोच सैल होतो.

दोन, हिमस्खलनाचा इशारा रोज कोण बघणार? या कामासाठी मनालीला १९६९ मध्ये संरक्षण खात्याची खास संस्था सुरू झाली होती. २०२० पासून ती डीजीआरई या नावाने चंदीगडहून चालते आणि पहाडी जिल्ह्यांसाठी इशारे देते. आणि "मध्यम धोका" वाचून निर्धास्त होऊ नका. युरोपात पाच पायऱ्यांची मोजपट्टी आहे. तिथे सर्वांत जास्त जीव पाचव्या पायरीला नाही, तिसऱ्या पायरीला जातात. पाचव्या पायरीला कुणी घराबाहेरच पडत नाही.

तीन, मी सांगितलेल्या तीन वस्तू सोबत आहेत का आणि वापरायचा सराव देतात का?

चार, तंबू कुठे लागतात? २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळ माणा इथे रस्त्याच्या कामावरच्या मजुरांच्या वस्तीवर हिमस्खलन आलं. चोपन्न जण सापडले, शेहेचाळीस वाचले, आठ गेले. लोखंडी कंटेनरमध्ये असल्यामुळे बरेच जण वाचले. ट्रेकचा तंबू कापडाचा असतो.

पाच, आणि हा सर्वांत महत्त्वाचा. गाईडने परत फिरायचं ठरवलं तर पैशांचं काय? परत फिरल्यावर ट्रेकवाल्याचं नुकसान होणार असेल, तर कधीतरी तो फिरणार नाही. वेळापत्रकात एक-दोन दिवस मोकळे हवेत.

हे पाच प्रश्न त्यांना. एक प्रश्न आपल्या सगळ्यांना. आपलं मूल शिखर न गाठता परत आलं, तर दार उघडून आपण पहिलं काय म्हणणार? कारण त्या उतारावर उभं असताना मुलांच्या डोक्यात बर्फाचे थर नसतात. फोटो असतो, भरलेले पैसे असतात, आणि घरी गेल्यावर लोक काय म्हणतील ते असतं. त्यातली शेवटची गोष्ट आपल्या हातात आहे. व्हॉट्सॲपवर टाकलेला एक हसरा चेहरा पुढच्या वर्षी कुणाला तरी चार पावलं जास्त टाकायला लावू शकतो. इतका तो जड असतो.

म्हणून सी विंगमधल्या त्या पाच मुलांची मी इथे, सर्वांसमोर माफी मागतो. बेटा, लिफ्टमध्ये तू विचारलंस, त्याचं उत्तर: हो, मला हसू आलं, आणि यायला नको होतं. तुमच्या गाईडने तेच केलं जे चाचाजींनी केलं होतं. तुम्ही त्याचं ऐकलंत. मी तर तेव्हा हुज्जत घालून ऐकलं होतं.

कमिटीला एक विनंती. यंदा बक्षीस समारंभात शिखर गाठणाऱ्यांचा सत्कार जरूर करा, पण परत फिरलेल्यांनाही त्याच व्यासपीठावर बोलवा. नारळ मी देतो. आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल ज्यांना बोलायचं आहे, त्यांनी कृपया एजीएमपर्यंत थांबावं.